चुंबक धरतो, जागा पिन ठरवते : माल निवडणाऱ्या यंत्रांच्या झटपट बदलता येणाऱ्या चुंबकी पकडी

१९८५ साली छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने सुटे भाग पुरवणारे छोटे-मध्यम कारखाने वाढत गेले. चिकलठाण्याची वसाहत त्याआधीची, शेंद्र्याची नंतरची. आज या पट्ट्यातल्या एखाद्या लहान प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून-कापून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, सकाळी दुचाकीचा ब्रॅकेट चालतो, दुपारी रिक्षाची प्लेट, रात्रपाळीला ट्रॅक्टरच्या अवजाराचे वॉशर. लॉट लहान आणि जाती अनेक. माल पंच होऊन किंवा लेझरवर कापून बाहेर पडला की तो उचलायचा, जातवार वेगळा करायचा आणि ट्रेमध्ये एका तोंडाने लावायचा. हे काम आता बऱ्याच ठिकाणी यांत्रिक हात किंवा साधं पिक-अँड-प्लेस युनिट करतं. हात तोच राहतो, त्याच्या टोकाची पकड मात्र दर जॉबला, म्हणजे मालाची जात बदलली की, बदलावी लागते. चार बोल्ट सोडा, हवेच्या नळ्या काढा, दुसरी पकड लावा, पुन्हा लेव्हल बघा. तेवढा वेळ मशीन उभं.

हा वेळ किती मोठा असतो ते कागदावर मांडून बघावं. समजा पाळी आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटांची. पाळीत चार वेळा जॉब बदलतो आणि दर वेळी २५ मिनिटं जातात. झाली १०० मिनिटं, पाळीचा साधारण पाचवा हिस्सा. पकड दोन मिनिटांत बदलली तर यातला बराच वेळ हाती येईल, हे खरं. पण त्या २५ मिनिटांत नक्की काय काय होतं, हे घड्याळ लावून आधी बघायला हवं. बोल्ट खोलण्या-लावण्यात आठच मिनिटं जात असतील आणि उरलेली सतरा पहिला नग तपासण्यात, प्रोग्राम शोधण्यात आणि ट्रे आणण्यात, तर जगातली सर्वांत महाग पकड आणली तरी वाचतील ती आठच मिनिटं. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९६९ च्या सुमारास टोयोटात १००० टनी प्रेसची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलण्याचा चार तासांचा वेळ आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला. त्यांच्या पद्धतीचा गाभा एवढाच, की मशीन थांबल्याशिवाय जे करताच येत नाही ते वेगळं काढायचं, आणि मशीन चालू असतानाच जे करून ठेवता येतं ते आधी उरकायचं. पुढच्या जॉबची पकड बाजूच्या स्टँडवर तयार ठेवणं हे त्यातलंच. झटपट बदलणाऱ्या चुंबकी पकडीचा खरा फायदाही इथेच आहे. मशीन थांबल्यावरचं काम ती अगदी थोडं करून टाकते.

चुंबकच का, हा प्रश्न कुणीही विचारील. पकडीचे तीन प्रकार सगळीकडे दिसतात : बोटांसारखे जबडे, हवा ओढून धरणारे रबरी कप आणि चुंबक. जबड्यांना जॉबच्या (उचलायच्या नगालाही जॉबच म्हणतात) दोन्ही बाजूंना जागा लागते. ट्रेमध्ये खेटून ठेवलेल्या किंवा शीटमध्ये कापून तशाच बसलेल्या भागाला ती मिळत नाही. रबरी कपाला सलग, गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. जॉबला भोकं असली की हवा शिरते, काठावर बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कड, असली की रबर फाटतं, तेलकट माल असला की कप घसरतो. चुंबकाला भोकं चालतात, तेल बरंचसं चालतं आणि वरून एकाच बाजूने पोचता आलं तरी पुरतं. अट एकच, माल चुंबकाला लागणारा हवा. साधं पोलाद, ओतीव लोखंड आणि ४१० किंवा ४३० जातीचं स्टेनलेस चालतं. ॲल्युमिनियम, पितळ, तांबं चालत नाही. ३०४ जातीचं स्टेनलेस एरवी चुंबकाला लागत नाही, पण थंड अवस्थेत ठोकून किंवा ओढून बनवलेल्या ३०४ च्या बोल्टला थोडी ओढ येते. म्हणून चुंबक लावून ‘हे ३०४ आहे की नाही’ असा निवाडा करून माल वेगळा करणं मला धोक्याचं वाटतं. चांगला माल रिजेक्टच्या पेटीत जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता चुंबक सोडतो कसा, ते बघू. धरणं सोपं असतं, सोडणं अवघड. याचं उत्तर आपल्या प्रत्येक टूलरूमच्या टेबलावर आहे : बारीक मापं घेणाऱ्या डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड. त्याच्या पेटीत लोखंडाचे दोन अर्धे भाग असतात, मध्ये पितळेसारख्या चुंबकाला न लागणाऱ्या धातूची पट्टी आणि आत फिरणारा गोल चुंबक. बटण एका बाजूला फिरवलं की चुंबकाचा उत्तर ध्रुव एका अर्ध्या भागाकडे आणि दक्षिण ध्रुव दुसऱ्याकडे येतो. चुंबकीय प्रवाहाला एका भागातून दुसऱ्यात जायला खालच्या लोखंडी टेबलाखेरीज सोपा रस्ता उरत नाही, म्हणून स्टँड टेबलाला घट्ट धरतो. बटण ९० अंश फिरवलं की दोन्ही अर्ध्या भागांना दोन्ही ध्रुव भिडतात, प्रवाह पेटीच्या आतल्या आतच वळसा पूर्ण करतो आणि खाली ओढ उरत नाही. चुंबक कमजोर होत नाही, त्याचा रस्ता बदलतो. पुढचं सगळं समजायला एवढी एक गोष्ट पक्की झाली तरी पुष्कळ आहे.

यांत्रिक हाताच्या पकडीत हेच तत्त्व वेगवेगळ्या पद्धतींनी वापरतात. काहींत एकावर एक दोन चकत्या असतात. वरची १८० अंश फिरवली की दोघींचे ध्रुव उलटसुलट होतात आणि पकड बंद पडते. काहींत हवेचा पिस्टन चुंबकालाच तोंडापासून मागे ओढतो आणि जॉब सुटतो. आपल्याकडच्या लहान कारखान्याला ही पिस्टनची पद्धत सर्वांत सोयीची, असं माझं मत आहे. एकच नळी लागते, वायरिंग नाही आणि कॉम्प्रेसर तर असतोच. फक्त बनवून घेताना एक अट घालायची : हवा गेली तर पकड धरलेलीच राहिली पाहिजे. हवा सोडण्यासाठी लागावी, धरण्यासाठी नको.

विजेचा चुंबक याच्या उलट वागतो. जालन्याच्या सळई उद्योगात भंगार उचलणाऱ्या क्रेनला लटकलेले गोल तवे ज्यांनी पाहिलेत त्यांना तो ओळखीचा आहे. वीज आहे तोवर ओढ, वीज गेली की माल खाली. म्हणून अशा क्रेनला बॅटरीचा आधार लागतो आणि खाली कुणी उभं राहू नये हा नियम कडक असतो. लहान सुटे भाग निवडताना विजेचा चुंबक चालतो, पण तो सतत तापतो आणि तापला की त्याची ओढ कमी होते. दोन्हींचा मेळ घालणारा तिसरा प्रकार आहे. त्यात कायमचा चुंबक असतोच, सोबत अल्निको या मिश्रधातूचा चुंबक आणि त्याभोवती तारेचं वेटोळं. विजेचा क्षणभराचा झटका दिला की अल्निकोचे ध्रुव उलटतात, पकड चालू किंवा बंद होते आणि त्यानंतर वीज लागतच नाही. महाग असतो, पण मोठ्या जॉबसाठी खात्रीचा.

ओढ किती, याचा अंदाज बांधता आला पाहिजे, नाहीतर कॅटलॉगमधल्या आकड्यावर विसंबून फसगत होते. चुंबकाच्या तोंडाशी चुंबकीय क्षेत्र १ टेस्ला (हे क्षेत्र मोजायचं एकक) असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४० न्यूटन, म्हणजे ४ किलो वजनाइतकी ओढ मिळते. पण ओढ क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे बदलते. क्षेत्र निम्मं झालं की ओढ निम्मी होत नाही, पावपट होते. ४ किलोची १ किलो. क्षेत्र कमी कशाने होतं? फटीने. रंगाचा थर, गंजाची खपली, बर, तोंडावर चिकटलेला लोखंडाचा कीस, जॉबचा बाक, हे सगळं फटच असतं. त्यातही लोखंडी वाटीत बसवलेले चुंबक तोंडाला अगदी चिकटून असलेल्या जॉबला फार जोराने धरतात, पण थोड्याशा फटीनेही त्यांची ओढ झपाट्याने पडते. कॅटलॉगमधला आकडा सहसा जाड, सपाट, स्वच्छ पोलादी प्लेटवर, सरळ ओढून मोजलेला असतो. आपला जॉब तसा कधीच नसतो.

आणि आता ज्या गोष्टीवर सगळं अडतं ती. ‘साहेब, धरायलंय बरोबर, पण सरकायलंय,’ अशी तक्रार ऑपरेटरकडून येते तेव्हा पहिला विचार मोठा चुंबक आणायचा होतो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. चुंबक सरळ ओढून काढायला जड जातो, पण बाजूला सरकवायला सोपा. फ्रिजवर लावलेला चुंबक आपण सरकवूनच काढतो की. बाजूने सरकण्याला चुंबक स्वतः फारसा विरोध करत नाही, विरोध करतं ते घर्षण. दोन किलोचा जॉब पकडीखाली सरळ लटकलेला असेल तर स्थिर असताना दोन किलोची ओढ पुरते. तोच जॉब हाताने उभा फिरवला, वर प्रेसचं तेल लागलेलं, घर्षण गुणांक ०.१ धरला, तर नुसतं घसरू नये म्हणून २० किलोची ओढ लागते. हात झटक्याने सुरू होतो नि थांबतो, त्याचा भार वेगळाच. म्हणजे दहापट चुंबक विकत घेऊनही काम जेमतेम होणार.

त्याऐवजी पकडीच्या तोंडावर दोन पिना आणि एक टेकू द्या. जॉबच्या भोकात पिन गेली की सरकण्याचा भार पिनेवर येतो, चुंबकाला फक्त जॉब पिनेवरून निघू न देण्याचं काम उरतं. जिग-फिक्स्चर, म्हणजे काम करताना नग जागेवर धरणारे साचे, बनवणाऱ्याला हे नवीन नाही. एक पिन गोल, दुसरी दोन बाजूंनी घासून अरुंद केलेली डायमंड पिन, म्हणजे दोन भोकांतल्या अंतरात थोडा फरक आला तरी जॉब अडकत नाही. भोकं नसतील तर काठाला टेकणारे टेकू चालतात. गोल जॉब असेल तर तोंडाला व्ही खाच. चुंबकाने धरायचं आणि पिनेने जागा ठरवायची, ही वाटणी पाळली की लहान चुंबकावर मोठं काम होतं.

हीच वाटणी पकड आणि हात यांच्यातल्या सांध्यालाही लागू आहे. झटपट बदलणाऱ्या पकडीत दोन सांधे असतात आणि बोलताना त्यांची गल्लत फार होते. एक सांधा पकड आणि जॉब यांच्यातला. दुसरा हात आणि पकड यांच्यातला, जो दर जॉब-बदलाला उघडतो. यांत्रिक हाताच्या मनगटाची चकती आयएसओ ९४०९ या मानकाप्रमाणे असते. लहान हातांवर ५० मिलिमीटरच्या वर्तुळावर एम-६ चे चार बोल्ट हा नेहमीचा प्रकार. या चकतीवर एक प्लेट कायमची बसवायची आणि प्रत्येक पकडीच्या पाठीला तिची जोडीदार प्लेट लावायची. दोन्ही प्लेटा एकमेकींना धरण्यासाठी बाजारात हवेवर चालणारे, आतून गोळ्या बाहेर ढकलून अडकणारे कुलूप मिळतं. जड जॉबला तेच घ्यावं. हलक्या जॉबला मात्र इथेही चुंबक चालतो.

या दुसऱ्या सांध्यात पिना न देता नुसते चुंबक लावले तर पकड दर वेळी केसभर वेगळ्या जागी बसते आणि प्रोग्राममधली जागा चुकते. तीन गोळ्या एका प्लेटवर आणि त्यांच्यासमोर तीन व्ही खाचा दुसऱ्या प्लेटवर, ही रचना यासाठी फार चांगली. तीन गोळ्या तीन खाचांत बसल्या की प्लेटला सरकायला, कलायला, फिरायला कुठलीच मोकळीक उरत नाही, आणि ती काढून पुन्हा लावली तरी त्याच जागी येते. चुंबक या गोळ्यांना खाचांत दाबून ठेवतो. वाळूजच्या परिसरात बारीक अचूकतेचं ग्राइंडिंग करणारी टूलरूम शोधावी लागत नाही आणि चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूमसारखी संस्था आहे. या प्लेटा इथेच बनू शकतात.

पकड काढायची कशी? थोड्या फटीनेही ओढ पडण्याचा चुंबकाचा जो कच्चेपणा आधी त्रास देत होता तोच इथे उपयोगी पडतो. बाजूला एक स्टँड करायचा, त्याला काट्यासारखी खाच. पकडीच्या मानेला खोबण. हात येतो, पकड त्या खाचेत सरकवतो, खाच पकडीला घट्ट धरते आणि मग हात एका बाजूने कलून वर उठतो. सरळ ओढून न निघणारा सांधा एका कडेने उचलला की कमी जोरात सुटतो. हात पुढच्या खाचेवर जातो आणि दुसरी पकड उचलतो. माणसाला पाना लावावा लागत नाही. अजून एक फायदा म्हणजे हात चुकून ट्रेला किंवा खांबाला धडकला तर चुंबकी सांधा निखळतो, मनगट वाचतं. पण त्याच वेळी मशीन थांबलं पाहिजे, म्हणून सांध्यात पकड जागेवर आहे की नाही ते ओळखणारा प्रॉक्झिमिटी सेन्सर हवाच. पकड पडली आणि हात मोकळाच फेऱ्या मारत राहिला, असं होता कामा नये.

पकडीच्या अंगाबद्दल एक चूक वारंवार दिसते. चुंबक बसवायची प्लेट साध्या पोलादाची केली जाते आणि ती दोन्ही ध्रुवांना चिकटते. मग प्रवाह प्लेटमधूनच वळसा मारतो, स्टँडचं बटण बंद केल्यासारखं होतं आणि जॉबपर्यंत ओढ पोचत नाही. ध्रुवाचे बूट, म्हणजे जॉबला टेकणारे तुकडे, कमी कार्बनच्या माइल्ड स्टीलचे करायचे. त्यांच्यामधली आणि बाजूची जागा ॲल्युमिनियम, पितळ किंवा ३०४ ची. बुटांचा आकार जॉबप्रमाणे घासता येतो, आणि बदलायचे झाले तर फक्त बूट बदलून एकाच पकडीवर दोन-तीन जवळचे जॉब निघतात.

पातळ शीटचा प्रश्न निराळा. लोखंडाला चुंबकीय प्रवाह वाहून नेण्याची मर्यादा आहे, सुमारे २ टेस्ला. एक मिलिमीटरची शीट मोठ्या चुंबकाचा सगळा प्रवाह मावून घेऊ शकत नाही. उरलेला प्रवाह तिच्या पलीकडे जातो आणि खालची दुसरी शीट, कधी तिसरीही, सोबत उचलली जाते. दोन शीट एकदम प्रेसमध्ये गेल्या तर डायचं काय होतं हे कुणाला सांगायला नको. यावर इलाज लहान चुंबक घेण्याचा नाही, जवळजवळ ध्रुव असलेले अनेक चुंबक घेण्याचा आहे. उत्तर-दक्षिण ध्रुव खेटून मांडले की प्रवाह उथळ राहतो, वरची शीट घट्ट धरतो आणि खालच्या शीटपर्यंत फारसा पोचत नाही.

जॉबमध्ये चुंबकत्व मागे राहणं ही निवडणीच्या यंत्रांची खास डोकेदुखी. माइल्ड स्टील चुंबक दूर गेला की बहुतेक विसरतं. कडक केलेलं पोलाद, म्हणजे बेअरिंगच्या ईएन-३१ सारखं, आठवण ठेवतं. असे रोलर किंवा पिना व्हायब्रेटरी बाउल फीडरमध्ये, म्हणजे थरथरून भाग एकेक करून पुढे सरकवणाऱ्या भांड्यात, टाकल्या की एकमेकींना चिकटून गुच्छ होतात आणि फीडर तुंबतो. वर बारीक कीस चिकटतो, गेजने घेतलेलं माप चुकतं, बेअरिंगमध्ये तो कीस गेला तर आयुष्य कमी होतं. अशा मालासाठी ओळीत डीमॅग्नेटायझर हवा. त्यात उलटसुलट होणाऱ्या विजेच्या वेटोळ्यातून जॉब हळूहळू बाहेर नेतात, क्षेत्र दर फेऱ्याला कमी होत जातं आणि जॉबमधलं चुंबकत्व विरतं. वेटोळ्याच्या आत जॉब असतानाच स्विच बंद केला तर उलट चुंबकत्व पक्कं बसण्याची शक्यता असते. जॉब बाहेर, मग स्विच.

आपल्या भागात उन्हाळ्याचा विचार करावाच लागतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिकेत जवळपास एकाच वेळी शोधलेला निओडिमियमचा चुंबक सर्वांत जोरदार, पण त्याची साधी जात ८० अंश सेल्सिअसपर्यंतच भरवशाची. मे महिन्यातला पत्र्याच्या शेडचा उकाडा तिला सहन होतो. फोर्जिंगमधून किंवा टेंपरिंगच्या भट्टीतून निघालेला गरम जॉब नाही. एकदा मर्यादा ओलांडली की थंड झाल्यावरही ओढ पूर्ण परत येत नाही. जातीच्या नावापुढचं अक्षर बघायचं : एम असेल तर १००, एच १२०, एसएच १५० अंशांपर्यंत. जास्त तापमानाच्या जातींत डिस्प्रोशियमसारखी दुर्मिळ मूलद्रव्यं घालतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्यांच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं आणि भारतातल्या वाहन उद्योगाला त्याची झळ बसली. म्हणून उगाच वरची जात मागू नये. जागा असेल आणि जॉब हलका असेल तर फेराइटचा चुंबक आकाराने मोठा पण स्वस्त, उष्णतेला दणकट आणि न गंजणारा आहे. लालभडक जॉबला तर कुठलाच चुंबक उपयोगाचा नाही. ७७० अंशांच्या पुढे लोखंड स्वतःच चुंबकाला लागत नाही.

सुरक्षिततेचं ऑपरेटरला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. दोन मोठे निओडिमियम चुंबक एकमेकांकडे झेपावतात तेव्हा बोट काढायला वेळ मिळत नाही. ते ठिसूळ असतात, आदळले की कपच्या उडतात, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. त्यांना ड्रिल मारायचं नाही, त्यांची भुकटी पेट घेते. छातीत पेसमेकर असलेल्या माणसाने लहान चुंबकापासूनही किमान १५ सेंटिमीटर लांब राहायचं, आणि मोठ्या पकडींच्या कामावर त्याला ठेवायचंच नाही. स्टँडवर ठेवलेल्या पकडींना झाकण द्यावं, नाहीतर रात्रभरात शेडमधला कीस तोंडावर जमतो. तो फुंकून जात नाही. ओल्या मातीचा गोळा किंवा चिकटपट्टी दाबून उचलावा लागतो.

पकड विकत घ्यायच्या आधी विक्रेत्याला त्याचा चकचकीत नमुना उचलून दाखवू देऊ नका. आपल्या बिनमधले सर्वांत वाईट पाच नग न्या : तेलाने माखलेला, बर असलेला, थोडा वाकलेला, रंग लागलेला आणि सर्वांत पातळ. ताणकाट्याला अडकवून प्रत्येक नग एकदा सरळ खाली ओढा, एकदा बाजूला ओढा आणि कितीला सुटला ते दोन्ही आकडे लिहून घ्या. बाजूचा आकडा जॉबच्या वजनाच्या तिप्पटही नसेल, तर पिना आणि टेकू कुठे बसवता येतील ते तिथेच ड्रॉइंगवर काढून घ्या. हीच चाचणी पकड लागल्यावर दर महिन्याला त्याच नगावर करायची आणि आकडा मशीनजवळच्या तक्त्यावर लिहायचा. आकडा घसरायला लागला तर आधी तोंड पुसायचं, मग बुटांची झीज बघायची, आणि चुंबकाकडे सर्वांत शेवटी वळायचं.